रेडिओसाहेबांची गप्प मिनिटं

उस्मान मुकादम ह्या माणसाबद्दल आमच्या गल्लीत हल्ली सगळे चांगलंच बोलतात, आणि नेमका त्याचाच मला संताप येतो. परवा नाक्यावर भाजी घेत होते, तर नाना वकील कुणाला तरी सांगत होते, "रेडिओसाहेब म्हणजे देवमाणूस हो! असा शेजारी मिळायला भाग्य लागतं." मी हातातली भेंडी तशीच टोपलीत टाकली आणि घरी आले. त्या दिवशी आमच्याकडे भाजीच झाली नाही. देवमाणूस म्हणे! हयात होता तोवर साधं माणूस म्हणायची दानत नव्हती ह्यांची.

तेव्हा आता मीच सांगते. मला गोड बोलता येत नाही, ते आधीच सांगून ठेवते. अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, आधी ऑपरेटर म्हणून आणि मग तक्रारीच्या खिडकीवर. दिवसभर लोकांचा आरडाओरडा ऐकला की बाईचं तोंड तिखट होतंच.

रेडिओसाहेब मला पहिल्यांदा भेटले ते त्या खिडकीवरच. जहाजावरची नोकरी सुटून ते नुकतेच मांडवीत आमच्या समोरच्या घरात राहायला आले होते, पण ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. उंच, सडसडीत, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. खिडकीच्या गजांवर हात ठेवून ओरडत होते, "तीन आठवडे फोन मुका आहे, ताई! माणूस मेला तर कळवायचं कसं? मी तुम्हाला सांगतो, ह्या खात्याला—"

आणि एकदम थांबले. एक बोट वर केलं, मान जराशी तिरकी केली आणि डोळे मिटून उभे राहिले. मला वाटलं झटका आला. मागची रांग पुढे सरकली. मी म्हटलं, "अहो, बसा. पाणी देऊ का?" तर बोट हलवून मलाच गप्प केलं. सगळं ऑफिस त्यांच्याकडे बघत राहिलं. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले, घड्याळ पाहिलं, आणि जिथं सोडलं होतं तिथूनच, तेवढ्याच तावातावानं सुरू, "—ह्या खात्याला कान आहेत की नाहीत?"

रांगेतली माणसं पोट धरून हसली. मीही हसले. पण फोन मात्र दुसऱ्याच दिवशी लावून दिला, कारण संध्याकाळी घरी येते तर हा इसम आमच्या समोरच्या अंगणात नारळाच्या झाडावर माणूस चढवून रेडिओची तार बांधून घेत होता.

ती गप्प मिनिटं म्हणजे काय, ते मग हळूहळू कळलं. उस्मानभाई मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. टिकटिक करून संदेश पाठवायचे, तसेच ऐकायचे. त्यांच्या ओटीवर जहाजावरचं एक पितळी घड्याळ टांगलेलं होतं, भंगारात निघालेल्या बोटीतून मागून आणलेलं. त्याच्या तबकडीवर सव्वाच्या आणि पाऊणच्या, म्हणजे पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाच्या पुढे लाल रंगाची एकेक पाचर होती. काटा त्या लाल रंगात शिरला, की जगभरच्या सगळ्या बोटींवरच्या सगळ्या रेडिओवाल्यांनी तीन मिनिटं गप्प बसायचं. कुणी काही पाठवायचं नाही. नुसतं ऐकायचं. कारण कुठं कोण बुडत असेल, त्याच्या बॅटरीत जीव उरलेला नसेल, तर त्याची बारीक हाक ह्या गोंगाटात ऐकू यावी.

"सगळ्या दुनियेनं?" मी विचारलं होतं.

"सगळ्या," ते म्हणाले. "आपसांत लढाई करणारेसुद्धा. आधी ऐका, मग बोला. एवढा एकच शहाणपणाचा कायदा माणसानं केला होता, ताई, तोही मोडला."

त्या गप्प मिनिटांत त्यांनी एकदा खरंच हाक ऐकली होती. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. दाभोळचा एक खलाशी दर वर्षी सुक्या कोलंबीच्या सोड्यांची पुरचुंडी घेऊन यायचा आणि ओट्यावर बसून सांगायचा. भर वादळात ह्यांच्या कानांत डास गुणगुणावा तेवढाच आवाज आला. कप्तान म्हणाला, कान वाजतायत तुझे. हे हटून बसले, जहाज वळवा म्हणून. शेवटी जहाज वळलं आणि एका छोट्या मालबोटीवरची माणसं पाण्यातून काढली, त्यांत हा दाभोळचा. तो सांगत असताना उस्मानभाई चिडून म्हणायचे, "पुरे! चहा पी. गार होतोय."

आणि असल्या माणसाला कंपनीनं घरी पाठवलं. उपग्रह आले, बटण दाबलं की संदेश जातो, रेडिओ ऑफिसरची गरज काय? मुंबईच्या ऑफिसात एका टायवाल्यानं त्यांना सांगितलं, तुमचं काम आता बटण करतं. हे म्हणाले, "बटण ऐकतं काय?" तो टायवाला हसला म्हणे. पुढे आयुष्यभर तो प्रश्न ह्यांच्या तोंडी राहिला. रिक्षावाल्यानं नीट पत्ता ऐकला नाही, डॉक्टरनं नाडी न बघता गोळ्या लिहिल्या, टीव्हीवर चार जण एकदम ओरडायला लागले, की हे म्हणणार, "बटण ऐकतं काय?" जगानं तो नियम सोडला, पण ह्यांनी सोडला नाही. जेवताना, बाजारात, भांडताना काटा लाल रंगात आला की बोट वर. गल्लीतली माणसं मुद्दाम सव्वाला त्यांच्याशी बोलायला जायची आणि मजा बघायची. जळली मेली ती मजा!

हसायची नाही ती एकटी त्यांची बायको, जुबेदाभाभी. ठेंगणी, गोरी, सदा हसतमुख बाई, आणि नवऱ्याला पुरून उरणारी. उस्मानभाई ओटीवरून टेबलावर टकटक करायचे, ती स्वयंपाकघरातून पळी आपटून उत्तर द्यायची. तिला सगळी टिकटिक येत होती. लग्नानंतर पहिल्या सुट्टीत म्हणे दुसरं बोलायला काही सुचेना, म्हणून ह्यांनी तिला तेच शिकवलं. एकदा आतून पळीचा आवाज बराच वेळ चालला. मी विचारलं, "काय म्हणतेय हो?" उस्मानभाई वैतागून म्हणाले, "मासळी आणताना कान कुठं होते, असं विचारतेय. शिळी निघाली."

पुढे भाभीला साखरेनं गाठलं. पायाची जखम भरेना, दोन बोटं काढावी लागली, मग खाट आणि भाभी मागच्या खोलीतच राहिल्या. त्यात डोळे. मुंबईला नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणाले, एक डोळा गेलाच आहे, दुसऱ्याच्या पडद्यात रक्त उतरतंय, आहे तोवर आहे. त्यांचा एकुलता एक मुलगा इम्तियाज मस्कतला कॉम्प्युटरच्या कामात होता. त्याला तिथं मुलगी झाली, सना. रजा पुढच्या वर्षीच मिळणार होती. फोटो आला होता, तो भाभी उशीखाली ठेवायची.

"फोटोत काय, ती हलतच नाय गो, सुमन," ती मला म्हणायची. "इम्तियाज सांगतो, हसली की एका गालाला खळी पडते. माझ्या अम्माला तशीच पडायची. एकदा हसताना बगायचीय. मग काय डोळे जायचे ते जाऊ देत."

एवढंच तिचं मागणं होतं. पोरीला हसताना बघायचं, डोळा आहे तोवर.

इम्तियाजनं येणाऱ्या एका माणसाबरोबर कॅमेऱ्याचा लॅपटॉप पाठवला. पण टेलिफोनची तार आणि इंटरनेटचा डबा पुढच्या ओटीवर, आणि भाभी मागच्या खोलीत. उस्मानभाईंनी आधी साधी तार ओढली. महिन्याभरात उंदरांनी कुरतडली. पुन्हा ओढली, पुन्हा कुरतडली. मग म्हणाले, आता बिनतारी. बिनतारी म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू जहाजावर परत बोलावलंय.

पण हा माणूस सरळ कसा चालणार! बाजारात मिळणारा बिनतारीचा डबा आणा, लावा, मोकळे व्हा. ते नाही. ह्यांना आधी पहारा हवा. बाहेरून घरात जे येईल ते आधी ऐकायचं, ओळखायचं आणि मगच आत सोडायचं. मुलानं फोनवरून शिकवलं आणि ह्यांनी ओटीवरच्या कॉम्प्युटरच्या आत एक दुसरा, नुसता प्रोग्रामचा बनलेला कॉम्प्युटर उभा केला. त्यालाच फायरवॉल म्हणायचं. म्हणजे यंत्राच्या पोटात यंत्र, आणि ते पोटातलं यंत्र दारावर राखणदार. मला समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "उस्मानभाई, तुमच्या डोक्यात काही तरी फिरलंय."

"ताई, घर आहे हे. धर्मशाळा नाही," ते म्हणाले.

आणि तिथंच गाडी अडली. कॉम्प्युटरमध्ये बिनतारीचं कार्ड बसवलं, बाहेरच्या यंत्राला ते दिसे, पण पोटातल्याला काही केल्या दिसेना. त्याला दिसायच्या त्या नुसत्या तारा. उस्मानभाई दिवसच्या दिवस त्या पडद्यासमोर. दाढी वाढली, शर्टाची इस्त्री गेली. मी जाऊन भांडले. "अहो, तिचा डोळा चाललाय आणि तुम्ही राखणदार कसले बसवताय? लावा तसंच उघडं! गल्लीत सगळ्यांचं उघडंच आहे." तर माझ्यावरच उसळले, "सगळ्यांचं उघडं आहे म्हणून मी उघडं टाकू? उद्या कोण आत शिरेल ते तुम्ही बघणार?" मी रागानं निघून आले आणि दोन दिवस बोलले नाही.

गाठ सोडवली ती भाभीनं, खाटेवरून. आमच्याकडच्या घरांत आतल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, वरून सगळं मोकळं असतं, त्यामुळे ओटीवरचं बोलणं मागच्या खोलीत अक्षर न अक्षर ऐकू जातं. उस्मानभाई फोनवर मुलाला ओरडत होते, पोटातल्या यंत्राला हवा दिसत नाही म्हणून. आतून भाभी म्हणाली, "पोटातल्या पोराला हवा कशी लागंल? त्याला नाळ लागते. हवा आईनं घ्यायची."

उस्मानभाई फोन तसाच ठेवून हसत सुटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून बिनतारीचा छोटा डबा आणला, हातभर तारेनं तो त्या पोटातल्या राखणदाराला जोडला, आणि डबा चढवला थेट भिंतीच्या माथ्यावर, कौलांखाली. जांभ्याच्या भिंतीतून जे जात नव्हतं ते भिंतीवरून उडी मारून मागच्या खोलीत उतरलं. भाभीच्या मांडीवरचा लॅपटॉप जागा झाला. तो शनिवार होता. शुक्रवारी मस्कतला सुट्टी, नमाजानंतर सनाला समोर धरायचं ठरलं. भाभीनं मला शेवयांसाठी नारळ खवायला बोलावून ठेवलं.

आता त्या बाकीच्या उघड्या दारांचं सांगते, कारण घात तिथं झाला.

आमच्या गल्लीत दिवसाढवळ्या पुढचं दार कुणी लावत नाही. पहाटे उघडलं की झोपतानाच लागायचं. दिवसा दाराला कडी दिसली तर घरात काही तरी वाईट घडलंय, नाही तर शेजाऱ्याशी वैर धरलंय असं समजतात. त्यामुळे चार-पाच घरांत बिनतारी इंटरनेट आलं तेव्हा पासवर्ड म्हणजे काय भानगड, कुणाला पटेना. दाराला कडी नाही तिथं हवेला कुलूप कसलं? उस्मानभाईंनी आपला डबा चालू करताना लॅपटॉपवर पाहिलं तर गल्लीतली सगळी नावं उघडी पडलेली. बूट घालून निघाले, घरोघरी. "तुमचं दार उघडं आहे. कुणीही रस्त्यावर उभा राहून तुमच्या नावानं काही करेल. कडी घाला, मी लावून देतो."

कोपऱ्यावर नाना वकिलांचं घर. गल्लीत त्यांच्या शब्दाला मान, गणपतीच्या वर्गणीपासून पाण्याच्या नळापर्यंत सगळं त्यांना विचारून. नाना आरामखुर्चीतून न उठता म्हणाले, "मुकादम, आमच्या वडिलांपासून ह्या घराला दिवसा कडी नाही. आणि आमचं उघडं आहे ते तुम्हाला घरबसल्या कसं हो कळलं?" उस्मानभाई समजावायला लागले आणि नेमके तेव्हाच घड्याळात सव्वा झाले. बोट वर झालं. नाना आणि ओट्यावरची मंडळी खो-खो हसली. तो प्रश्न मात्र नानांच्या डोक्यात राहिला.

त्याच आठवड्यात शहरातल्या एका कॉलेजाला मेल गेला. परीक्षा घेतलीत तर इमारत उडवून देऊ. पोलिसांनी माग काढला, तो आमच्या गल्लीत, नाना वकिलांच्या कनेक्शनवर येऊन थांबला. आता नाना वकिलांच्या घरावर कोण संशय घेणार? नाना म्हणाले, माझं उघडं होतं, कुणीही वापरलं असेल. आणि मग म्हणाले, तो मुकादम चार दिवसांपूर्वी घरी येऊन सांगून गेला होता, तुमचं उघडं आहे म्हणून. त्याला बरं ठाऊक होतं!

झालं. एका वाक्यासरशी सगळ्या गल्लीला सगळं आठवलं. नारळावरची तार, रात्रंदिवस कॉम्प्युटर, मस्कतचे फोन, दाभोळहून पुरचुंडी घेऊन येणारा माणूस, आणि दर अर्ध्या तासाला डोळे मिटून गप्प बसणं. "कुणाचा तरी संदेश ऐकतो तो," असं म्हणाली ती आमच्या शेजारची बाई, जिच्या पोराला ह्या माणसानं फुकट इंग्रजी शिकवलं होतं. मी तिला तोंडावर सुनावलं, "लाज नाही वाटत?" तर म्हणते, "आम्हाला काय ठाऊक गो, त्यांच्यातलं." त्यांच्यातलं! ईदच्या शेवयांचा डबा दर वर्षी रिकामा करून परत देताना नव्हतं आठवलं ते.

गुरुवारी सकाळी साध्या कपड्यांतले दोघे आले. उद्धट नव्हते, ते कबूल करते. उस्मानभाईंनी त्यांना चहा दिला, तारेचा परवाना दाखवला, फायरवॉल दाखवली. "बघा, माझं एकट्याचंच बंद आहे. मी बाहेर जाऊन दुसऱ्याचं कशाला वापरू? वाईट काम करायचं असतं तर सगळ्यांना कड्या घाला म्हणून सांगत फिरलो असतो काय?" ते दोघे माना डोलवत होते. पण ऐकत नव्हते. त्यांनी कॉम्प्युटर नेला, भिंतीवरचा डबा नेला, लॅपटॉप नेला आणि जाताना ते घड्याळही काढून नेलं. तबकडीवर लाल पाचरी कशासाठी, ते म्हणे तपासायला हवं.

"साहेब," उस्मानभाई म्हणाले, "बाकी सगळं न्या. लॅपटॉप एक दिवस राहू दे. उद्या संध्याकाळी मी स्वतः आणून देतो." त्यांच्या तोंडून विनवणी मी पहिल्यांदाच ऐकली.

"फक्त चौकशी आहे, काका. दोन दिवसांत मिळेल."

गल्ली दारादारांत उभी राहून बघत होती. एकजणही पुढे आला नाही. मी आले, मी बोलले, तर नाना वकील म्हणाले, "सुमनताई, कायद्याच्या कामात पडू नये." भाभी आतून विचारत होती, "कोण आलंय हो? एवढी मानसं कशाला?" उस्मानभाईंनी टेबलावर काही तरी टकटक केलं. आतून पळीचा आवाज आला नाही.

शुक्रवार गेला. मी म्हटलं, भाभीला रिक्षात घालून नाक्यावरच्या सायबर कॅफेत नेऊ. कॅफेवाला दारातच आडवा आला, "नको ताई, माझा धंदा बंद होईल." दोन दिवसांचे आठवडे झाले. उस्मानभाई रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ठाण्यावर जायचे आणि बाकावर बसून परत यायचे. सव्वाला तिथंही गप्प बसायचे, आणि ते बघून तिथल्यांचा संशय आणखी वाढायचा. मी विनवलं, "अहो, निदान तिथं तरी सोडा ते!" म्हणाले, "ताई, मी बोट खाली केलं तर हे म्हणतात ते खरं ठरेल."

मग एका सकाळी भाभी उठली आणि म्हणाली, "दिवा लावा की हो, किती अंधार." बाहेर लख्ख ऊन होतं. उस्मानभाई धावत माझ्याकडे आले. आम्ही डॉक्टर आणला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आणि त्यानंतर चारच दिवसांनी खरा माणूस सापडला. नाना वकिलांचा भाचा. कॉलेजसाठी त्यांच्याकडेच राहिलेला, अभ्यास झाला नव्हता, परीक्षा पुढे ढकलावी म्हणून मामाच्याच ओट्यावर बसून मेल पाठवला होता. गल्लीत काय बोलले असतील सांगा बरं! "पोर आहे, चुकतं. वय असतं ते. आयुष्य बरबाद नको व्हायला." नाना चार वेळा ठाण्यावर गेले, कुठं कुठं फोन केले आणि प्रकरण मिटलं. तो भाचा पुढे परीक्षेला बसला, पासही झाला, आम्हाला पेढे आले. मी ते पेढे गाईला घातले. गाईचा काही दोष नव्हता.

उस्मानभाईंचं सामान परत आलं. घड्याळाची काच फुटलेली, काटे मात्र चालू. माफी कुणी मागितली नाही. ते एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणं मला सहन होईना. मी म्हटलं, "ओरडा हो! नानांच्या दारात जाऊन ओरडा! मी येते बरोबर." ते डबा पुन्हा भिंतीच्या माथ्यावर चढवत होते. म्हणाले, "आधी हिचं काम."

शुक्रवारी नमाजानंतर मी गेले. भाभी उशीला टेकून बसली होती, डोक्यावर धुतलेली ओढणी, समोर लॅपटॉप. पडद्यावर इम्तियाज आला, त्याची बायको आली आणि तिच्या मांडीवर सना. चित्र अडखळत होतं, पण पोर दिसत होती, गोबरी, टकली. आणि खरंच हसली. खळी पडली. मी तोंडात पदर कोंबला.

"हसली?" भाभीनं विचारलं.

"हसली," उस्मानभाई म्हणाले. "डाव्या गालाला आहे."

"अम्माची पण डावीकडंच," भाभी म्हणाली, आणि पडद्याच्या जरा बाजूला बघत हसली.

ओटीवरच्या घड्याळात सव्वा झाले असावेत. उस्मानभाईंनी बोट वर केलं. पलीकडे मस्कतला इम्तियाजनंही केलं, लहानपणापासूनची सवय. त्याची बायको गप्प झाली, मी श्वास रोखला. कौलांखालून, भिंतीवरून त्या खोलीत एवढाच आवाज येत होता, एका तान्ह्या पोरीच्या श्वासाचा. भाभीनं मान तिरकी केली होती, अगदी नवऱ्यासारखी.

तेवढ्यात पुढच्या ओट्यावर चपला वाजल्या. "उस्मानभाई, आहात ना?" नाना वकिलांचा आवाज. "झालं गेलं विसरून जाऊ म्हटलं. शेजारधर्म आहे. येऊ का आत?"

दार उघडंच होतं, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे. उस्मानभाईंनी मान वळवली नाही. त्यांचं बोट वर होतं. मी उठले, ओटीवर आले. हातात मिठाईचा पुडा घेऊन नाना उंबऱ्याशी उभे होते, मागे दोन-चार शेजारी. त्यांच्या तोंडावर दार लावलं आणि भर दुपारी आतून कडी घातली. कडीचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला असेल.

परत खोलीच्या दाराशी आले तेव्हा तीन मिनिटं संपली होती. बोट खाली आलं होतं. उस्मानभाई भिंतीकडे तोंड करून उभे होते, पाठमोरे, त्या पांढऱ्या शर्टात. मला ते आठवतात ते असेच. पुढे भाभी गेली, मुलानं त्यांना मस्कतला नेलं आणि ते तिथंच वारले.

त्या दुपारी भाभी मात्र पडद्याकडे वाकून सुनेला रागावत होती. "अगो, तिचं नाक चोंदलंय. डाव्या नाकपुडीनं श्वास नाय घेत ती. तुम्ही रोज बगता, ऐकता काय कधी? ओवा भाज, फडक्यात बांध आणि तिच्या उशाशी ठेव."